पीट्रेसच्या टेस्टबद्दल थोडं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पीट्रेसच्या टेस्टचं काम तू अंगावर घेतलंस हे वाचून खरंच आनंद झाला. एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) दुसरीला थांबवून तिच्यात डोकावू देणारा, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आलेला हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे करायची विनंती; लिनक्सवर जीडीबी हा डीबगर आणि सिस्टम कॉलची नोंद दाखवणारं एसट्रेस आजही त्याच्याच जिवावर चालतात. माझं सांगणं एकच: प्रत्येक टेस्टने कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचं) एकच वचन तपासावं, आणि ती फेल झाली की कोणतं वचन मोडलं ते तिच्या नावावरूनच कळावं.

सुरुवात कुठून करू, असं विचारलं होतंस. प्रोसेस थांबण्यापासून कर. सगळी गुंतागुंत तिथेच आहे. ॲटॅच केल्यावर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसचा ताबा घेतल्यावर, कर्नल तिला सिगस्टॉप हा थांबण्याचा सिग्नल पाठवतो, पण कॉल परत आला म्हणजे ती थांबलीच असं नसतं. वेटपिड या वाट बघणाऱ्या कॉलने खात्री करून घ्यावी लागते. तिथे स्लीप टाकून वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही. तुझ्या मशीनवर टेस्ट पास होईल, लोड असलेल्या सर्व्हरवर अधूनमधून पडेल, आणि मग लोक ती पडली तरी बघेनासे होतात. सीझची टेस्ट मात्र वेगळी ठेव. लिनक्स ३.४ मध्ये आलेला हा ॲटॅचचा पर्याय प्रोसेसला थांबवत नाही. थांबवण्यासाठी इंटरप्ट ही विनंती वेगळी द्यावी लागते.

सिस्टम कॉलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना होणारे थांबे वेटच्या स्टेटसवरून एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. लिनक्स ५.३ पासून सिस्टम कॉलची माहिती देणारी वेगळी विनंती आली, तिच्यात हा फरक स्पष्ट मिळतो. त्यामुळे शिरणं-निघणं आलटून पालटून येतं का, हे नीट तपासता येतं.

नकारांच्या टेस्टही तेवढ्याच मनापासून लिही. आधीच ट्रेस होत असलेल्या प्रोसेसला दुसऱ्याने ॲटॅच केलं तर ईपर्म (परवानगी नाही) ही एरर. न थांबलेल्या प्रोसेसचे रजिस्टर (प्रोसेसरमधल्या तिच्या किमती) मागितले तर ईएसआरसीएच (अशी प्रोसेस नाही). डीबगर लिहिणारे या एररवर विसंबून असतात. पीकडेटा या मेमरी वाचणाऱ्या विनंतीत चूक झाली तर उणे एक मिळतं, पण वाचलेली किंमतच उणे एक असू शकते, म्हणून कॉलआधी एररनो (एररचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करायला विसरू नकोस.

टेस्ट मध्येच मेली तर मागे चाइल्ड प्रोसेस चालू राहते. एक्झिटकिल हा पर्याय लावलास की ट्रेसरबरोबर तीही संपते. यामा या लिनक्सच्या सुरक्षा मॉड्यूलची बंधनं कडक असलेल्या मशीनवर ॲटॅच नाकारलं जाईल. तिथे फेल नको, स्किप दाखव; केसेल्फटेस्ट या लिनक्स कर्नलच्या टेस्ट-संचात त्यासाठी एक्झिट कोड ४ आहे.

मांडणीबद्दल माझं मत ठाम आहे. सगळ्या आर्किटेक्चरवर सारखं असलेलं वागणं सेल्फटेस्टच्या पीट्रेस फोल्डरमध्ये, आणि रजिस्टरचे बारकावे त्या त्या आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये. नेटबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससारख्या सिस्टमवाल्यांनी तर वेट, वेटपिड, वेटआयडी अशा प्रत्येक कॉलसाठी त्याच टेस्ट पुन्हा कंपाइल केल्या आहेत. एकदा लिहिलेलं अनेक वाटांनी तपासायची ही पद्धत मला फार आवडते. बघ, तुला वापरता येते का.

नवी टेस्ट मेकफाइलमध्ये (बिल्डच्या यादीत) आणि तिची तयार होणारी बायनरी गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत) घालायची राहू देऊ नकोस. फोर्क (नवी प्रोसेस काढणं) आणि एक्झेक (प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चालू करणं) यांच्या इव्हेंटच्या टेस्ट आधी मला पाठव. मुख्य नसलेल्या थ्रेडने एक्झेक केलं की त्या थ्रेडचा आयडी बदलतो, तो भाग आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
जुना मित्र