अर्थिंगच्या तपासणीत पाठीशी उभे राहिलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

साताऱ्यात शाहूपुरीतील आमच्या घराचा वीजभार वाढवून घेण्याचा अर्ज गेल्या उन्हाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांच्या ‘अर्थिंग सदोष’ या शेऱ्यावर अडकला, तेव्हा ‘साहेबांना भेटून घ्या’ असे सुचवणारे पुष्कळ होते. ‘आधी बोर्ड उघडू’ म्हणणारे आपण एकटेच होतात. त्याबद्दल हे जाहीर आभार.

खरे तर मी आपल्याकडे भांडणासाठी मुद्दे मागायला आलो होतो. फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) यांच्यामध्ये बल्ब लावला की लख्ख पेटतो, मग अर्थिंग सदोष कसे, हा माझा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता. आपण स्वयंपाकघरातील सॉकेट उघडले, तर पूर्वीच्या वायरमनने अर्थच्या पिनेला न्यूट्रलचाच, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचाच, तुकडा जोडलेला निघाला. बल्ब खऱ्या अर्थवर नव्हे, न्यूट्रलवर पेटत होता. आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला असता, तर चालू उपकरणातून फेज उलटा फिरून फ्रिजच्या पत्र्यावर 230 व्होल्ट आले असते. त्या फ्रिजला माझी आई दिवसातून दहादा ओले हात लावते. साहेबांवरचा माझा राग तिथेच ओसरला.

आमची जमीन मुरमाड, त्यात एप्रिल; कोरड्या मातीत अर्थचा रोध वाढतो. आपण अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कोळसा आणि मिठाचे थर देऊन नवा खड्डा भरून घेतलात, अर्थ टेस्टरचे खुंट रोवून मोजलेत, आणि रोध 18 ओहमवरून 4 ओहमवर उतरलेला मला स्वतः वाचायला लावलेत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, तोही त्याच दिवशी बसला.

फेरतपासणीत मात्र दुसरा खड्डा हवाच, असा आग्रह झाला. आपण आवाज न चढवता सांगितलेत की, दोन स्वतंत्र अर्थजोडण्यांचे बंधन 250 व्होल्टच्या वरच्या मोटरी-जनित्रांसारख्या उपकरणांसाठी आहे, आमची जोडणी 230 व्होल्टची सिंगल फेज आहे. तरीही हवा असल्यास नियमाचा क्रमांक घालून लेखी द्यावे, आम्ही खणू. लेखी काही आले नाही, मंजुरी आली. पहिला शेरा बरोबर होता हेही आपण त्यांना तिथेच मोकळेपणाने सांगितलेत, हे मला विशेष वाटले.

मजुरी आपण घेतली नाहीत, सामानाची पावती तेवढी दिलीत. खड्ड्यात ओल राहावी म्हणून त्याच्या फनेलमध्ये (नरसाळ्यात) दर पंधरवड्याला पाणी घालतो आहे. मे महिन्यात पुन्हा मोजायला यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
शाहूपुरीतील एक घरमालक