अर्थमंत्र्यांना खुलं पत्र: वर्गणीचा पैसा एफडीतच का पडून ठेवायचा?

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी लोकवर्गणीवर चालणाऱ्या एका फाउंडेशनचा हिशोब बघतो. मोठा देणगीदार कोणी नाही, सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) नाही, परिसरातलीच माणसं जमेल तेवढं टाकतात आणि त्यातून परिसरातल्याच लोकांना काम शिकायला, मशीन घ्यायला, छोटा धंदा उभा करायला मदत होते. वाटप हे आमचं कामच नाही, माणूस कमवता झाला पाहिजे एवढंच. आणि नेमकं इथेच तुमच्या आयकर कायद्याचं आणि आमचं बिनसतं.

कायद्यात 'धर्मादाय' कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे: गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण, वारसा वास्तू, आणि सगळ्यात शेवटी उरलंसुरलं सगळं 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या खात्यात. आता मशीन घेणारी बाई अगदीच गरीब असेल तर आम्ही पहिल्या खात्यात, पण ती थोडी सावरलेली असेल, घरात एक पगार येत असेल, तर थेट शेवटच्या. ट्रेनिंग दिलं तर ते शिक्षण, असं कोणालाही वाटेल, पण सुप्रीम कोर्टाने 1975 सालीच शिक्षण म्हणजे पद्धतशीर शालेय शिक्षण असा अर्थ लावलाय, त्यामुळे तिथेही वाद. म्हणजे रोजगाराचं काम करणारी संस्था फिरून फिरून त्या शेवटच्या खात्यातच जाऊन पडते.

आणि त्या खात्याला 20 टक्क्यांची अट आहे. फी घेऊन वगैरे धंद्यासारखी मिळकत एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या वर गेली की त्या वर्षाची करसवलत गेली. हे कसं लागतं बघा. समजा 8 लाख देणगी आली आणि सामायिक मशीनच्या वापराची फी 2 लाख, म्हणजे एकूण 10 लाखांत बरोबर 20 टक्के, ठीक. पुढच्या वर्षी लोकांचे हात आखडले, देणगी 6 लाखांवर आली, फी तेवढीच 2 लाख, झाले 25 टक्के! आम्ही एक रुपया जास्त कमावला नाही, उलट अडचणीत आलो, आणि नेमकी त्याच वर्षी सवलत गेली. 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने खर्चाइतकी किंवा किंचित वर फी घेतली तर तो धंदा नाही असं म्हटलंय, त्याचा आधार आहेच, पण 'किंचित' म्हणजे किती? मशीन उद्या जळलं तर दुरुस्तीचा पैसा त्या किंचितमधूनच काढायचाय ना.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. लोकांनी कायम निधी म्हणून दिलेला पैसा कुठे ठेवायचा याची यादी कायद्यात आहे, बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशी. आमच्याच इथे शिकलेल्या चार पोरांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तर तिचे शेअर आम्हाला घेता येत नाहीत, घेतले की करसवलत धोक्यात. म्हणजे परिसरातल्या धंद्यासाठी परिसरातून गोळा केलेला पैसा बँकेत एफडी होऊन बसणार, बँक तो तिला वाटेल त्याला कर्जाने देणार, आणि त्या पोरांना तीच बँक तारण मागणार. आम्ही दरवर्षी एफडी रिन्यू करतो आणि व्याजातून जे काय होईल ते करतो.

यादी का केली हे कळतं हो. विश्वस्तांनी ट्रस्टचा पैसा मेव्हण्याच्या कंपनीत घालू नये म्हणून. पण त्यासाठी मेव्हण्याला बंदी घाला ना, सगळ्या परिसराला कशाला? निधीचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीला दहा टक्के का होईना, विश्वस्तांशी नातं नसलेल्या स्थानिक धंद्यात गुंतवायची परवानगी द्या, वर्गणीदारांच्या सभेत ठराव लागेल अशी अट घाला, हिशोब जाहीर करायला लावा, आम्ही करू.

अजून एक, निनावी देणग्यांचं. नियम असा आहे की नाव-पत्ता नसलेली देणगी एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेली की वरच्या रकमेवर 30 टक्के कर. निव्वळ धार्मिक ट्रस्टला मात्र हा नियम नाही! देवाच्या दानपेटीत टाकलेली नोट माफ, माणसाला कामाला लावायला पेटीत टाकलेली नोट संशयित. कॅनडात विनिपेग फाउंडेशन 1921 मध्ये एका बँकरच्या 1 लाख डॉलरवर उभं राहिलं, आणि 1924 मध्ये एका बाईने नाव न सांगता पाकिटात तीन सोन्याची नाणी आणून दिली, एकूण 15 डॉलर. ती देणगी ते लोक आजही अभिमानाने सांगतात. आमच्याकडे पेटीतले असे पैसे मोजताना मला आधी पाच टक्क्यांचं गणित सुचतं. दोन हजार रुपयांच्या आतल्या देणग्या तरी या हिशोबातून वगळा.

1961 च्या कायद्याच्या जागी तुम्ही 2025 चा कायदा केलात, कलमांचे नंबर बदलले, भाषा सोपी झाली म्हणतात, पण 20 टक्क्यांची अट तिथेही आहे. सीएसआरच्या यादीत उपजीविका वाढवणं हे काम कंपन्यांसाठी स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनीने केलं तर त्याला स्वतःचं नाव, लोकांनी वर्गणी काढून केलं तर 'उरलंसुरलं'. तेच शब्द उचलून धर्मादायच्या व्याख्येत टाका, गरिबांना मदत आणि शिक्षणाच्या शेजारी. एका ओळीची दुरुस्ती आहे, पुढच्या फायनान्स बिलात बसेल.

आमच्या एफडीची मुदत मार्चअखेर संपतेय. रिन्यूचा फॉर्म भरून ठेवलाय, सही अजून केलेली नाही.

आपला,
एक खजिनदार