हायडनची चाकरी दुर्लक्षू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील पाश्चात्त्य संगीतरचनाकारांवरील लेख आवडीने वाचला. मोत्सार्टचा ३५व्या वर्षी झालेला मृत्यू आणि बीथोवनचे बहिरेपण यांना त्यात भरपूर जागा मिळाली आहे. ज्याला मोत्सार्टने १७८५ साली आपली सहा चतुर्वाद्ये (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) अर्पण केली आणि ज्याच्याकडे बीथोवन व्हिएन्नात शिकला, त्या योझेफ हायडनची बोळवण मात्र ‘सिंफनीचा जनक’ या दोन शब्दांत झाली आहे (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना). हे बिरुदही काटेकोरपणे खरे नाही, कारण त्याच्या आधीच इटलीत सम्मार्तिनी हा रचनाकार सिंफनी लिहीत होता.

हायडनच्या आयुष्यात अकाली मृत्यू नाही आणि दारुण व्याधीही नाही. आहे ती जवळजवळ तीस वर्षांची चाकरी. गाड्यांची चाके घडवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीत शिरला. करारानुसार त्याने पांढरे मोजे आणि पावडर लावलेला केसांचा टोप घालून रोज दोनदा दिवाणखान्याबाहेर हुकमासाठी हजर राहायचे होते आणि लिहिलेले संगीत परवानगीवाचून बाहेर कोणाला द्यायचे नव्हते. राजाश्रयाचे गुणदोष जाणणाऱ्या आपल्याकडील जुन्या रसिकांना यात फारसे नवल वाटणार नाही. सरदार निकोलाऊस स्वतः बॅरिटन वाजवी. हे गजाने वाजवायचे वाद्य असून त्याला सारंगीसारख्या तरफेच्या तारा असतात आणि त्या मागच्या बाजूने अंगठ्याने छेडताही येतात. आज जवळपास विस्मरणात गेलेल्या या वाद्यासाठी, केवळ धन्याच्या हौसेपायी, हायडनने सव्वाशेच्या आसपास त्रिवाद्ये (तीन वाद्यांसाठीच्या रचना) लिहिली.

तरीही तो मिंधा झाला नाही, हे १७७२च्या ४५व्या सिंफनीवरून दिसते. त्या वर्षी उन्हाळी राजवाड्यातला मुक्काम लांबतच गेला आणि आयझनश्टाट या गावी बायकामुले ठेवून आलेले वादक अस्वस्थ झाले. हायडनने तोंडी तक्रार केली नाही. अखेरच्या भागात एकेका वादकाने आपले वादन संपताच मेणबत्ती विझवून उठून जावे, अशी त्याने रचना केली आणि शेवटी दोनच व्हायोलिने उरली. सरदाराला अर्ज कळला व दुसऱ्याच दिवशी निघण्याचा हुकूम सुटला, असे चरित्रकार सांगतात. इतका अदबशीर आणि इतका परिणामकारक संप माझ्या तरी ऐकिवात नाही.

जगापासून दूर पडल्यामुळे, छळणारे कोणी नसल्यामुळे आपल्याला रचनेत स्वतंत्र होणे भागच पडले, असे हायडनने उतारवयात ग्रीसिंगर या चरित्रकाराला सांगितले होते. १७७९च्या नव्या करारातून संगीतावरील धन्याच्या मालकीचे कलम गळाले आणि १७९० साली निकोलाऊस वारल्यावर मोकळा झालेला हायडन अठ्ठावन्नाव्या वर्षी लंडनला निघाला. तिथल्या दोन मुक्कामांसाठी त्याने बारा सिंफनी लिहिल्या, आणि साठी उलटल्यावर ‘द क्रिएशन’ हे भव्य गायनकाव्य.

लेखमालेचा पुढील भाग निघणार असेल, तर त्यात १७६१च्या त्या कराराचा मराठी तर्जुमा छापावा, एवढी विनंती आहे.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे