तळमजल्यावरचे गाळे कुलूपबंद का?

महोदय,

सांगलीच्या गावभागासारख्या जुन्या वस्तीत वर मालकाचे बिऱ्हाड आणि खाली वर्षानुवर्षे बंद असलेले शटर हे चित्र जागोजागी दिसते. गाळ्यांना मागणी भरपूर आहे. पण एकदा दिलेला गाळा मुदत संपल्यावर परत मिळेल, याची मालकाला खात्री वाटत नाही.

ही भीती निराधार नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक (म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर जागा वापरणारे) जागेत होते, त्यांना भाडे कायद्याच्या तेव्हाच्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू ठरवले, हे जुन्या घरमालकांच्या मनातून अजून गेलेले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागेचा ताबा मागता येतो आणि जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाईही घेता येते. मात्र ही सोय केवळ राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. त्याच इमारतीतील वरच्या खोलीसाठी हा जवळचा मार्ग आणि खालच्या गाळ्यासाठी दिवाणी दाव्याच्या तारखा, हा भेद छोट्या मालकावर अन्याय करणारा आहे. याउलट बँकेला किंवा एक कोटी व त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीला जागा दिल्यास हा कायदाच लागू होत नाही. साहजिकच मालक त्यांची वाट पाहत बसतो आणि शिलाईचे किंवा मोबाइल दुरुस्तीचे दुकान थाटू पाहणारा होतकरू तरुण दारातूनच परत जातो.

त्यातच अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की नोंदणी लागत नाही, हा समज अजून सर्रास आढळतो. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. वाद नेमका स्वतंत्र वीजमीटर, बिगरनिवासी घरपट्टी, बोळातले सांडपाणी आणि पायरीपुढे मांडलेला माल यांवरून पेटतो, आणि कोऱ्या छापील मसुद्यात यांपैकी एकाचाही उल्लेख नसतो.

मालक स्वतः राहत असलेल्या इमारतीतील छोट्या गाळ्यांच्या नोंदणीकृत करारांना कलम २४ लागू करावे, आणि दुकानदाराने फर्निचरवर केलेला खर्च वसूल होईल अशी किमान तीन वर्षांची मुदत त्याच दुरुस्तीत बंधनकारक करावी, अशी राज्य शासनाला आग्रहाची विनंती आहे.

— एक घरमालक, सांगली