काका, टेबल हलत नव्हतंच

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "जा गं, चहा टाक" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नाव घालत नाही. शेजारचे सुतारकाका म्हटलं की आख्ख्या गल्लीला कळतंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, तेव्हा आमचं दुकानातून आणलेलं टेबल पुरीसारखं फुगलं. भुशाच्या बोर्डाचं होतं. पाणी ओसरलं तोवर कडा उलून आल्या होत्या. सासूबाईंचा सागवानी दिवाण मात्र धुतला, सावलीत वाळवला, आणि आजही पाहुणे त्यावरच बसतात. तेव्हाच ठरवलं, पुढचं टेबल खऱ्या लाकडाचं. आपल्या हातानं करायचं हे खूळ नंतरचं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारी बाई. हातोडी धरली ती कॅलेंडरच्या खिळ्यापुरती.

टिंबर एरियातून जुनं सागवान आणलं. आठ-आठ इंची तीन फळ्या, चार पाय, खालच्या पट्ट्या. चार फूट बाय दोन फूट, एवढं साधं टेबल. पायातून आरपार स्क्रू घालून पट्ट्या जोडायला बसले होते, तर तुम्ही कठड्यापलीकडून म्हणालात, "लाकडाच्या तोंडात, म्हंजी कापल्या टोकात, स्क्रू धरत न्हाई पोरी. आज धरंल, दिवाळीला सुटंल." मग पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचं आणि पायात तेवढीच खाच पाडायची, हे पटाशी हातात देऊन शिकवलंत. पहिली खाच इतकी सैल झाली की कुसू आत खुळखुळत होतं. तुम्ही रागावला नाहीत. काकूंकडच्या जुन्या खोक्याची पातळ चिपटी आणून दोन्ही बाजूंना चिकटवायला लावलीत. आणि रेघेवर कापायचं नाही, रेघ ठेवून बाहेरून कापायचं, कारण करवत अर्धा सूत खाते. आठ सुतांचा इंच होतो हे मला चाळिशीत कळलं.

फ्रेम चिकटवायच्या दिवशी माझ्याकडे सांधे आवळून धरायला शिकंजा नव्हता. तुम्ही सुतळीचे दोन वेढे भोवतीनं मारलेत, मध्ये माझं लाटणं घातलंत आणि पीळ दिलात. सांध्यांतून फेविकॉल मण्यांसारखा बाहेर आला. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप धरायला लावलात. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा तीन सूत लांब. लांब कर्णाचे दोन कोपरे तळहातांनी दाबलेत, पुन्हा मोजलं, सारखे! त्या रात्री चपात्या बाटलीनं लाटल्या. घरातल्यांनी त्याचं फार भांडवल केलं, ते असो.

वरच्या फळ्या मी घट्ट आवळून टाकणार होते. तुम्ही खालच्या पट्ट्यांतली भोकं आडवी लांबट करून घेतलीत. पावसाळ्यात फळी लांबीला वाढत नाही, रुंदीला एखादं सूत वाढते. स्क्रूला सरकायला जागा नसेल तर फळी चिरते. यंदाचा पावसाळा बिनतक्रार गेला.

पण आभार खरे त्या गुरुवारचे. टेबल घरात आणलं आणि ते डुगडुगायला लागलं. तुम्ही मिरजेला लेकीकडे गेला होतात. मी एक पाय थोडा कापला. मग दुसरा हलला. तो कापला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत तीस इंचांचं टेबल साडेअठ्ठावीस इंचांवर आलं आणि तरी हलतच होतं. मी भुशात बसून रडले, हे तुम्ही पाहिलंत, आणि कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगते.

तुम्ही आलात. करवत माझ्या हातातून काढून दारामागं ठेवलीत. टेबल उचलून नुसतं अर्धं फिरवलंत. पुन्हा हललं. पण आता अधांतरी होता तो दुसराच पाय, आणि जागा तीच, खिडकीकडच्या कोपऱ्यातली. "पाय बदलला, जागा तीच. टेबल न्हाई हलत. तुझी फरशी बसलीया." पुरानंतर त्या कोपऱ्यातली फरशी खचली होती. इतकी वर्षं तिच्यावरून मी रोज झाडू फिरवत होते.

टेबल दोन हात अलीकडे ओढलं. चारही पाय टेकले.

ठेंगणं झालं खरं, पण सासूबाईंना खुर्चीत बसून भाजी निवडायला आता खांदे उचलावे लागत नाहीत. तुम्ही पैसे घेतले नाहीत. कापलेल्या पायांच्या चकत्या तेवढ्या मागून नेल्यात, आणि परवा पाहिलं तर त्या काकूंच्या शिलाई मशीनखाली.

रविवारी संध्याकाळी दोघांनी या. भडंग आणि चहा, त्याच टेबलावर. फक्त तो काटकोन तपासायचा गुण्या घरी ठेवून या काका, स्वयंपाकघरातलं फडताळ मी अजून कुणाला मोजू दिलेलं नाही.

तुमची शेजारीण