क्रुपच्या स्टॉलवरची तोफ

प्रिय मंद्या,

तुझा मेल वाचला. प्रदर्शनातल्या स्टॉलला एवढे पैसे घातले, चार दिवस पाय मोडेस्तोवर उभा राहिलास आणि ऑर्डर एक नाही, वैतागणारच रे. पण हल्ली मी आल्फ्रेड क्रुप या जर्मन पोलाद कारखानदाराबद्दल वाचतोय, तर म्हटलं त्याचं ऐकवावं तुला.

१८५१ साल, लंडनच्या हाइड पार्कातल्या क्रिस्टल पॅलेसमधलं जागतिक प्रदर्शन, सगळीकडे शांतता नि व्यापाराची भाषणं चाललीयत आणि हा एसेनचा पठ्ठ्या ओतीव पोलादाची सहा पौंडी (म्हणजे सहा पौंडांचा गोळा फेकणारी) तोफ घेऊन हजर! तोफ चकाचक, लोक थांबून बघायचे, पण लष्करवाले ढिम्म, त्यांचा सगळा जीव ब्राँझवर. पदक मिळालं ते त्यानेच आणलेल्या ४३०० पौंडांच्या पोलादी ठोकळ्याला. जवळजवळ दोन टन, एकसंध! तू ओतकामातला, तूच विचार कर, एका दमात भरपूर पोलाद काढणारी बेसेमरची पद्धत अजून आलेली नाही, एका क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, जेमतेम थोडंसंच पोलाद वितळायचं, म्हणजे ढिगाने मुशी एकाच वेळी तयार ठेवायच्या, माणसांनी जोडीजोडीनं चिमट्यात धरून आणायच्या आणि एकामागोमाग साच्यात ओतायच्या, धार मध्येच तुटली की कोल्डशट, म्हणजे थर नीट न जुळता सांधा राहणार, सगळा माल भंगारात. खरं सांगू, मला तोफेपेक्षा त्या माणसांच्या शिस्तीचीच जास्त धास्ती वाटते.

तोफा मात्र फारशा कोणी घेईना. प्रशियाच्या (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) युद्धखात्याला त्याने १८४७ लाच सॅम्पल दिलं होतं, मोठी ऑर्डर आली १८५९ मध्ये, तीनेकशे तोफांची. बारा वर्षं! तोवर घर चाललं रेल्वेच्या चाकांवर आणि धुऱ्यांवर.

मग १८६७ चं पॅरिसचं प्रदर्शन. या वेळी ५० टनांची तोफ, गोळाच हजार पौंडांचा. प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि त्याचा पंतप्रधान बिस्मार्क दोघंही प्रदर्शनाला येऊन गेले. तोफ नंतर क्रुपने राजाला सरळ भेट देऊन टाकली, मार्केटिंग बघ लेकाचं. आणि पुढच्या वर्षी त्याच तोंडाने फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडे चाचण्यांचे रिपोर्ट पाठवले, घ्या आमच्या तोफा म्हणून! फ्रेंचांनी नकार दिला. त्यांच्या मैदानी तोफा ब्राँझच्याच, तोंडाकडून भरायच्या. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा समोर क्रुपच्या पोलादी तोफा, मागून भरायच्या. १ सप्टेंबरला सेदानच्या लढाईत हरून दुसऱ्या दिवशी नेपोलियन कैद झाला आणि जानेवारी १८७१ मध्ये गोळे थेट पॅरिसवर पडायला लागले. प्रदर्शनातलं ते धूड त्यात नव्हतं हां, ते तसं शोभेचंच, काम केलं लहान-मध्यम तोफांनी. मला राग येतो तो याचा, की फ्रेंचांनी घेतल्या असत्या तर क्रुपने त्यांनाही आनंदाने विकल्या असत्या. देशभक्ती वगैरे नंतर चिकटवलेलं लेबल.

१८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात तर क्रुप कंपनीचं स्वतःचं पॅव्हेलियन होतं, तळ्याकाठी, आत १२० टनांच्या वरची तोफ. आल्फ्रेड तेव्हा नव्हता, पोरगा कारभार बघायचा.

बाकी फोनवर बोलू. आणि स्टॉलवर आलेल्यांची व्हिजिटिंग कार्डं फेकू नकोस, मला पाठव, दोघं मिळून कॉल करू.

तुझाच,
बाळ्या