तालुक्याच्या गावाला खेळायचा हॉल द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगर परिषदांच्या अंदाजपत्रकात ‘बहुउद्देशीय सभागृह’ हे काम मोठ्या आवडीनं घातलं जातं. नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांसाठी आमची मागणी त्याऐवजी वेगळ्या इमारतीची आहे. स्टेज नसलेला, गॅलरी नसलेला, लग्नाला न मिळणारा, फक्त खेळायचा बंदिस्त हॉल.

गरज कुणाला पटवून द्यावी लागेल असं वाटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, सकाळी आठनंतर मैदानावर उभं राहवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान आठवडा आठवडा वाळत नाही. राहिला हिवाळा, तर सहालाच अंधार. नागपुरात मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल आहे, पण काटोलच्या मुलीनं शाळा सुटल्यावर साठेक किलोमीटर जाऊन सराव करून रात्री परतायचं, हे दोन दिवसांच्या वर कुठल्याही घरात चालत नाही. मालविका बनसोडसारखी बॅडमिंटनपटू नागपूर शहरातली. नरखेड-भिवापूरच्या मुलांना निदान कोर्टाच्या रेषा तरी पायाखाली मिळाव्यात.

हॉलचं माप खेळांवरून ठरवा, उरलेल्या जागेवरून नको. आतून ३४ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, एवढं पुरतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरचं. अशी चार कोर्टं शेजारी शेजारी, मध्ये दोन-दोन मीटर सोडून बसतात आणि मागच्या रेषेपलीकडे तीन मीटरहून जास्त जागा राहते. त्याच जमिनीवर बास्केटबॉल (२८ बाय १५) भोवती दोन मीटर सोडून बसतं, व्हॉलीबॉल (१८ बाय ९) तीन मीटरच्या मोकळ्या पट्ट्यासह बसतं, खो-खोचं २७ बाय १६ चं मैदानही बसतं. हॉलच्या मधोमध छतापासून सोडलेली सरकती जाळी लावली की एका अर्ध्यात दोन बॅडमिंटन कोर्टं आणि दुसऱ्यात १३ बाय १० मीटरची कबड्डीची मॅट एकाच वेळी चालते. कबड्डीवाले विरुद्ध बॅडमिंटनवाले हे भांडण गावोगाव आहे. ते या एका जाळीनं बरंचसं मिटतं.

उंची मात्र कमी करू नका. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलला सात मीटर चालतात, बॅडमिंटनला खेळाच्या जागेवर तुळईच्या खालच्या कडेपर्यंत नऊ मीटर मोकळे हवेत. इस्टिमेट वाढलं की पहिली कात्री उंचीला लागते, कारण कागदावर तिचा फरक दिसत नाही. सहा मीटरच्या हॉलमध्ये उंच मारलेलं शटल तुळईला लागून खाली येतं आणि ती चूक नंतर कुठल्याच निधीतून दुरुस्त होत नाही. बाजूला पाच मीटर रुंदीची कमी उंचीची पडवी काढून त्यात भांडार, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या आणि छोटं कार्यालय बसवावं. सगळं मिळून सुमारे साडेआठशे चौरस मीटर होतं. वाहनतळ आणि मोकळी जागा धरून अर्धा एकर पुरे. असलेल्या मैदानाच्या मधोमध हॉल उभारून मैदानच खाऊन टाकू नये, एवढं पथ्य पाळावं.

आता खरा प्रश्न, जमिनीचा. आपल्याकडची काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा टाकला तर दोन पावसाळ्यांत मधला भाग वर येतो, कडा खाली बसतात आणि तडे जातात. म्हणून आधी माती परीक्षण करून अहवाल घ्यावा. साधारणपणे हॉलच्या संपूर्ण क्षेत्रातली काळी माती मीटर-सव्वा मीटर खोल काढून टाकावी लागते, आणि भरणी चांगल्या मुरमाची, २० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी देऊन रोलर फिरवून करावी लागते. एकदम मीटरभर मुरूम ओतून वरून एक रोलर फिरवला तर खालचा थर पोकळच राहतो. काळ्या मातीचा थर फार खोल असेल तर खांबांना अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब, घ्यावेत. इमारतीभोवती दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला कोबा आणि पुढे गटार हवं, नाहीतर पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरून सगळी मेहनत वाया जाते.

मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद, सांध्यांवर किमान १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून, आणि त्यावर १५० मिलिमीटरचा लोखंडी जाळीचा काँक्रीटचा थर. खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या खांबांच्या नळ्या काँक्रीट ओतण्याआधीच बसवाव्या आणि त्यांना सपाट झाकणं द्यावीत. नंतर ड्रिल मारून भोकं पाडली की खालचा प्लास्टिकचा कागद फाटतो. तीन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तरी खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये, ही अट निविदेतच लिहावी.

यानंतर घाई नडते. काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते. जाडीच्या दर पंचवीस मिलिमीटरला एक महिना हा वाळण्याचा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे सहा महिने. परीक्षा सोपी आहे: मीटरभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावून चोवीस तास ठेवायचं. उचलल्यावर आतून घामासारखे थेंब दिसले किंवा काँक्रीटचा रंग गडद झालेला दिसला तर थांबायचं. ओल्या काँक्रीटवर लाकडी थर टाकला तर प्लायवुड फुगून चढतं आणि मॅटचे सांधे उचलले जातात. शिवाय ओल म्हटलं की वाळवी आलीच.

वरचा थर कसला? लाकडी स्प्रिंग फ्लोअर, म्हणजे खाली लवचीक आधार असलेली जमीन, उत्तम, पण अस्सल सागवानी किंवा मेपलचं काम छोट्या गावाला झेपत नाही आणि छत गळलं तर महिन्याभरात बिघडतं. मधला मार्ग म्हणजे रबर किंवा फोमच्या पॅडवर आडवे-उभे असे १२ मिलिमीटर प्लायवुडचे दोन थर, प्लाय पाण्यात टिकणारं आणि वाळवीविरोधी प्रक्रिया केलेलं, आणि त्यावर साडेचार-पाच मिलिमीटरची पीव्हीसी स्पोर्ट्स मॅट. जे करू नये तेच सर्रास होतं: चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पुसायला सोप्या, उद्घाटनाच्या फोटोत छान, आणि खेळाडूच्या गुडघ्यांना त्रासदायक. घामाचा एक थेंब पडला की पाय सटकतो. पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी साध्या काँक्रीटवर फक्त कबड्डीच्या मॅट टाका, पण टाइल्स लावू नका. पुढे त्या उखडायलाच जास्त खर्च येतो.

कामाचा क्रम मोसमाप्रमाणे बांधावा. दिवाळीनंतर खोदाई आणि भरणी, जानेवारीत पाया, मार्चच्या आत काँक्रीट, मेअखेर लोखंडी सांगाडा आणि पत्रे. मग पूर्ण पावसाळा छताला द्यावा. कुठे थेंब पडतो तिथे खाली खडूनं खूण करून वर दुरुस्ती करायची. गळती बहुधा स्क्रूच्या रबरी वॉशरपाशी आणि पन्हाळीच्या सांध्यांत असते. म्हणून इमारतीच्या आतून जाणारी पन्हाळ मुळीच ठेवू नये, दोन्ही उतार बाहेर सोडावेत. फ्लोअर नोव्हेंबरनंतरच. हे वेळापत्रक लोकार्पणाच्या तारखांशी जुळत नाही याची आम्हाला कल्पना आहे. फीत कापायची घाई असेल तर ती दारावर कापावी, मॅटवर नको.

छपराला साधा पत्रा पुरत नाही. दुपारी तो भट्टीसारखा तापतो आणि पावसात शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. ५० मिलिमीटरचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) किंवा पत्र्याखाली ग्लासवूल असलं की ऊन आणि आवाज दोन्ही कमी होतात. हॉलची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन झेलणाऱ्या पूर्व-पश्चिम भिंती लहान राहतात. उत्तर-दक्षिण भिंती कोर्टाच्या मागे येतात, त्यांवर खिडक्या नकोत. गडद हिरवा किंवा निळा, चमक नसलेला रंग हवा, नाहीतर पांढरं शटल दिसत नाही. छतातले पारदर्शक पत्रेही कोर्टावर नकोत.

हवा खेळती ठेवायला भिंतीच्या तळाशी आणि अगदी वर झडपा द्याव्यात, वर फिरते व्हेंटिलेटर. झडपांना आणि छताच्या कडेच्या प्रत्येक फटीला बारीक जाळी बसवणं विसरू नये. कबुतरं एकदा तुळईवर वसली की हटत नाहीत, आणि विष्ठेनं मॅट घसरडी होते ती वेगळीच. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा कल्पनेतही येत नाही, तरी इथे कूलर नको. त्याच्या झोतानं शटल भरकटतं आणि दमट हवेनं प्लायवुड फुगतं. मे महिन्यात पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सातनंतर हॉल चालवावा, दुपारी बंद ठेवावा.

दिवे कोर्टाच्या डोक्यावर न लावता दोन कोर्टांच्या मधल्या पट्ट्यांवर लावावेत, म्हणजे वर पाहताना डोळ्यांवर येत नाहीत. रोजच्या खेळाला चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. त्यासाठी २०० वॉटचे चोवीस एलईडी, म्हणजे पाचेक किलोवॉट. दर कोर्टाचं बटण वेगळं. रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेआठशे युनिट. दहा किलोवॉटचं सौर संच छतावर बसवला तर तो एवढी वीज सहज देतो, पण सांगाड्याचं डिझाइन करतानाच त्याचं वजन धरायला हवं.

भांडाराच्या दाराबद्दल मुद्दाम लिहितो. कबड्डीच्या एका मैदानाला भोवतालच्या पट्टीसह मीटर बाय मीटरच्या १८० मॅट लागतात. त्या ढकलगाडीवर रचून आत-बाहेर न्याव्या लागतात, म्हणून दार सव्वादोन-अडीच मीटर रुंद आणि उंबरठ्याशिवाय हवं. नेहमीचं तीन फुटी दार ठेवलं तर मॅट एकेक करून न्याव्या लागतात, कंटाळून कुणी उचलत नाही आणि हॉल कायमचा कबड्डीचा होतो. मुलींची कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह हॉलच्या आतून उघडणारं, आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत दिवे. एवढं नसेल तर संध्याकाळी सातनंतर मुली येणार नाहीत, मग प्रशिक्षक कितीही चांगला असो.

इमारत सरकारी निधीतून उभी राहते. तालुका क्रीडा संकुल योजना आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, खासदार-आमदार निधी आहे. अडतं ते पुढे. हिशोब करून पाहू: दीडशे सभासद दरमहा तीनशे रुपये आणि शंभर विद्यार्थी शंभर रुपये देतात असं धरलं तर ५५ हजार जमतात. दोन पाळ्यांचे दोन राखणदार प्रत्येकी पंधरा हजार, वीज दहा रुपये दरानं साडेआठ हजार, सफाई आणि किरकोळ पाच हजार. साडेअकरा हजार उरतात. ते वेगळ्या खात्यात साठवले तरच सहा-सात वर्षांनी मॅट बदलता येईल. सौर वीज असेल तर शिल्लक आणखी वाढते. ही रक्कम नगर परिषदेच्या सर्वसाधारण खात्यात गेली की ती पाणीपट्टीच्या थकबाकीत विरघळते.

लग्न, वाढदिवस, मेळावा, प्रदर्शन, यांपैकी कशालाही हॉल मिळणार नाही, असा ठराव बांधकामाआधीच करावा. एका रात्रीच्या भाड्यानं पंधरा-वीस हजार येतात हे खरं, पण लोखंडी खुर्च्यांचे पाय आणि मंडपाचे डांब मॅटला जी भोकं पाडतात ती त्यात भरून निघत नाहीत. निवडणुकीच्या कामासाठी प्रशासनानं हॉल ताब्यात घेतला तर नाही म्हणता येत नाही. त्यासाठी संपूर्ण मॅट झाकेल एवढं जुनं प्लायवुड भांडारात राखून ठेवावं आणि ताबा देताना-घेताना फोटोसह पंचनामा करावा.

आमची विनंती एवढीच, की ज्या नगर परिषदा असं काम हाती घेतील त्यांनी निविदा निघण्यापूर्वी नकाशा, छताची मोकळी उंची, फ्लोअरचे थर आणि वेळापत्रक पंधरा दिवस कार्यालयाच्या फलकावर लावावं आणि स्थानिक खेळाडू व क्रीडाशिक्षकांच्या लेखी हरकती घ्याव्यात. फ्लोअरचं काम सांगाड्याच्या कंत्राटात न घालता, आधी अशी मॅट बसवलेल्या वेगळ्या ठेकेदाराला द्यावं, आणि त्याची अनामत दुसरा पावसाळा उलटेपर्यंत परत करू नये.

आपले,
काही खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि बांधकाम अभियंते
नागपूर